गाळ विहिरीचा, आळ घड्यावर

मी एक जुना मातीचा घडा आहे, आणि मला राग आला आहे. मित्रांनो, मातीच्या भांड्याला कसला राग, असं म्हणू नका. आधी ऐकून घ्या.

डिचोलीच्या महादेव कुंभाराने मला चाकावर घडवलं. त्याआधी मी नव्हतो. हे फार साधं वाक्य वाटेल. पण ज्या न्यायशास्त्राच्या सावलीत मी वाढलो, त्यात या 'नसण्या'लाही मान आहे. घडा होण्याआधी मातीत घड्याचा अभाव असतो, आणि तो अभावसुद्धा खरा असतो, असं ते शास्त्र सांगतं. महादेवला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याने मला थोपटलं, वाळवलं आणि भट्टीत पक्कं भाजलं. पक्कं, हा शब्द लक्षात ठेवा.

मला विकत घेतलं कृष्णनाथशास्त्रींनी. दर रविवारी सकाळी देवळाच्या मंडपात ते वाडीवरच्या मुलांना न्यायशास्त्र शिकवत. जगात जे आहे ते काय आहे, आणि ते आहे हे आपल्याला कळतं कसं, याचा विचार करणारं हे शास्त्र. शेकडो वर्षं त्याचे पंडित उदाहरण द्यायचं झालं की घडाच पुढे करत आले. सोनंनाणं सोडून घडा. शास्त्रीबुवा मला मुलांसमोर ठेवत, तेव्हा माझी छाती फुगायची. तशी ती जन्मापासूनच फुगलेली आहे म्हणा.

डोळ्यांनी दिसलं ते प्रत्यक्ष. डोंगरावर धूर दिसला की तिथे आग आहे हे ओळखणं, ते अनुमान. पण शास्त्रीबुवा मुलांना एवढ्यावर सोडत नसत. "चुलीवर धूर आहे, तिथे आग आहे. तळ्यात आग नाही, तिथे धूरही नाही. दोन्हीकडे बघितलंस? मग बोल."

एकदा त्यांनी मला उचलून पाठीमागे लपवलं आणि मोकळ्या जमिनीकडे बोट दाखवलं. "हांगा कितां दिसता?"

"काय नाय," मुलं म्हणाली.

नऊ वर्षांचा सुदेश मात्र जमिनीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "घडो नाय, तां दिसता."

शास्त्रीबुवांनी त्याला जवळ घेतलं. एखादी वस्तू तिथे नाही हे कळणं, हेही ज्ञानच आहे. त्या मुलाने ते आपणहून ओळखलं होतं. मला त्याचा केवढा अभिमान वाटला. आज तोच अभिमान मला जाळतो.

शास्त्रीबुवा गेले, वर्ग मोडला. त्यांच्या सुनेने, चंद्रावतीने, मला स्वयंपाकघरात नेलं. वर्षानुवर्षं मी त्या घराला गार पाणी पाजलं. मग फ्रिज आला आणि मी मागच्या पडवीत कोळ्यांच्या जाळ्यांत जाऊन बसलो. तेव्हाही मी रागावलो नव्हतो. वस्तूंचं असंच होतं.

दोन वर्षांपूर्वी बंगल्यांच्या प्लॉटसाठी वाडीच्या वरचा डोंगर कापायला घेतला. डोंगराची माती उतरून खालच्या विहिरीचं पाणी तांबूस झालं. त्या विहिरीचं पाणी बारा घरं पितात. चंद्रावतीने मला पुन्हा बाहेर काढलं. सकाळी पाणी भरायची, दुपारपर्यंत निवळू द्यायची. रोज माझ्या तळाशी बोटभर गाळ.

ग्रामसभेच्या रविवारी तिने मला कमरेवर घेतलं आणि त्याच मंडपात आणलं. वरचं पाणी ओतून तळाचा गाळ सगळ्यांना दाखवला. समोर पंच म्हणून सुदेश बसला होता. प्लॉटवाल्यांची बाजू तोच सांभाळत होता.

तो हसून म्हणाला, "काकी, घडोच तांबड्या मातीचो. तेचोच रंग सुटता. विहिरीक कित्याक दोष देतास?"

"पयलो साबणान धुवा तेका," मागून वाडीतला गणेश म्हणाला. मंडप हसला.

मित्रांनो, मी पक्का भाजलेला घडा; चाळीस वर्षं मी एका थेंबालाही डाग लावला नाही. आणि आळ घेतला कोणी, तर त्या वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलाने. माझ्यात हात घालून न बघता.

चंद्रावती चिडली नाही. "शंका बरी काढलंस, सुदेश. मामंजींका आवडली असती. पण शंका काढून गप बसाचां नसता, तपासूचां असता." तिने मेजाजवळच्या पाण्याच्या जारकडे बोट दाखवलं. "हो खंयचो?"

"विकतचो. पंचांक पिवक," सुदेश म्हणाला.

"विहिरीचां पाणी बरां आसा, मगे जार कित्याक हाडलास?" शेजारच्या सुलोचनाने विचारलं. तिच्या घरी नळ नाही, तिला याच विहिरीचं पाणी प्यावं लागतं. सुदेश कागद चाळू लागला.

चंद्रावतीने मला जारच्या पाण्याने विसळलं आणि त्याच पाण्याने भरलं. सुलोचनाने विहिरीवरून कळशी आणून काचेच्या बरणीत ओतली. "आता सभा चलूं दे," म्हणून चंद्रावती खाली बसली.

सभा चालली. रस्त्यावरचे दिवे झाले, मोकाट गुरं झाली, कचऱ्याची गाडी झाली. दोन तासांनी बरणीच्या तळाशी लाल थर बसला होता. काच तर तांबड्या मातीची नव्हती. चंद्रावतीने माझ्यातलं पाणी हळूहळू ओतलं आणि मला सुदेशपुढे ठेवलं.

"घाल हात. तळाक फिरय."

त्याने हात घातला. बाहेर काढून तळवा बघितला. ओला होता, स्वच्छ होता.

"कितां दिसता?"

लहानपणी जमिनीकडे बघत राहिला होता, तसा तो माझ्या आत बघत राहिला. शेवटी हळू आवाजात म्हणाला, "गाळ नाय, तां दिसता."

या वेळी कोणी हसलं नाही. चौकशी होईपर्यंत डोंगराचं काम थांबवायचा ठराव झाला, आणि तो सुदेशलाच लिहावा लागला.

तरी माझा राग गेलेला नाही. ज्याला माहीत नव्हतं त्याच्यावर मी कशाला रागावू? सुदेशला माहीत होतं. बघायचं कसं हे शिकलेला माणूस दुसऱ्यांच्या डोळ्यांवर हात ठेवतो, तेव्हा त्याला शिकवणाऱ्या घड्याने काय करावं?

मित्रांनो, मला पुसून काचेच्या कपाटात ठेवू नका. माझ्यात पाणी भरा आणि माझा तळ बघा. कोणी कितीही गोड बोललं, तरी हात घालून बघा. ठराव झाला म्हणून विहीर निवळत नाही. चंद्रावती अजून रोज सकाळी मला भरते, आणि रोज दुपारी तळाशी गाळ असतो. ज्या दिवशी तो नाही हे दिसेल, त्या दिवशी मी शांत होईन.