ऑफिसची वेळ

गणित सोडायचं, असं जमार बोल्डनने ठरवूनच टाकलं. गणित गेलं की नर्सिंग गेलं, आणि मग आहेच पुन्हा मेम्फिसच्या गोदामात खोकी उचलणं. कॉलेजात काळ्या मुलांचा दर मंगळवारी कट्टा जमायचा. तिथे त्याने हे सांगितलं आणि कट्टा चालवणारा क्विंटन उखडलाच.

"गणिताच्या हॅडलीबाईंना भेटलास का पण?"

"तीनदा गेलो, दादा. दाराला कुलूप."

"कधी गेलास?"

"चारनंतर. दारावर लिहिलंय ना, ऑफिसची वेळ दोन ते चार. बाई कामात असताना कशाला तडमडायचं?"

सगळे खो खो हसले. "अरे शहाण्या, ती वेळ मुलांनी येऊन शंका विचाराव्यात म्हणून, तुझ्यासाठीच ठेवलीय!"

जमार कानकोंडा झाला. त्याची आई लोरीन जन्मभर ऑफिसं झाडत आलेली. लहानपणी तो तिच्याबरोबर जायचा. शेवटचा साहेब जाईपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही, हे तिने त्याच्या मनावर कोरलं होतं. हे त्याने सांगितलं तेव्हा क्विंटनचं हसू मावळलं.

"माझं अख्खं पहिलं वर्ष याच पायी गेलं रे. मलाही कुणी सांगितलं नव्हतं. चल, ऊठ, अजून चार वाजले नाहीत."

त्याने जमारला दंडाला धरून नेलं, दार वाजवलं आणि पठ्ठ्या चक्क पसार झाला.

"ये की, बस," हॅडलीबाई म्हणाल्या. "रोज एकटी बसून कंटाळले बाई! कुठे अडतंय?"

अडत होतं सगळीकडेच. पण त्या दिवसापासून जमार रोज गेला. रडतखडत का होईना, पास झाला. क्विंटनचे उपकार कसे फेडावेत, त्याला कळेना. "मला काही नको," क्विंटन म्हणाला, "पुढच्या वर्षी आणखी कुणाला तरी त्या दारापर्यंत ने म्हणजे झालं."

जमारने पहिलं माणूस नेलं ते त्याच वर्षी. लोरीन लिंबाचा केक घेऊन बाईंचे आभार मानायला आली होती. दुपारचे अडीच वाजलेले, दार उघडं, आणि ही बाहेरच थबकली.

"बाई कामात आहेत रे. थांबू या जरा."

"आई, ये गं. हीच आपली वेळ आहे."

हॅडलीबाईंनी उठून खुर्ची पुढे केली. लोरीनने सवयीने खुर्चीच्या पाठीवरची धूळ हाताने पुसली, आणि मग ती बसली.