राजनंदिनीचं पिस्तूल

सांगलीच्या बंदुकीच्या दुकानात मालकानं पिस्तूल काढलं आणि सरळ मल्हारच्या हातात दिलं.

"लायसन माझं हाय," राजनंदिनी म्हणाली.

ती वाळवा तालुक्यातल्या एका नदीकाठच्या गावाची सरपंच. गावातल्या शिवतेजचा रात्रीचा वाळूउपसा तिनं बंद पाडला, तर भरदिवसा एक ट्रॅक्टर तिच्या स्कूटीवर घातला गेला. ती शेजारच्या उसात फेकली गेली म्हणून वाचली. बिननंबरच्या ट्रॅक्टरवर तोंड बांधलेला माणूस होता; तक्रार अनोळखी इसमाविरुद्ध झाली. नवरा लष्करात, राजस्थानात. म्हणून सोबत धाकटा दीर मल्हार.

मल्हारनं पिस्तूल जीन्सच्या खिशात घालून आरशात बघितलं. "भारी दिसतंय की, वैनी!"

"द्या इकडं."

मालक हसला. "मॅडम, तुम्ही पर्समध्ये ठेवा."

"पर्स काय, कोणीबी हिसकून घेतंय," ती म्हणाली. कुर्त्याला तिनं खोल, जाड कापडाचा खिसा मुद्दाम शिवून घेतला होता. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून तिनं ते त्यात घातलं, बाहेर ओढलं. मागचा घोडा कापडात अडकला. पुन्हा ओढलं, पुन्हा अडकलं.

"ह्यापेक्षा लहान दाखवा. घोडा बाहेर नको. आणि चाप झाकंल असं कव्हर पायजे."

मालक आता तिच्याकडं बघून बोलू लागला. दुसरं पिस्तूल चपटं, तळहाताएवढं होतं. ते अलगद आत गेलं, अलगद बाहेर आलं.

"हेच."

"आवं, एवढं कशाला मनावर घेताय?" मल्हार कंटाळून म्हणाला. "शिवतेज तुमाला मारणार न्हवता. नुसतं भ्या दाखवायचं ठरलं हुतं."

मल्हारचं तोंड उघडंच राहिलं.

"ठरलं हुतं? कुणाचं?"

"वैनी, तसं न्हवं..."

"मी दवाखान्यात पडले तवा उशाला बसून रडत हुतासा तुमी, भाऊजी! किती खेपांची वाळू मिळाली त्याबद्दल?" तिचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. हातातल्या पिस्तुलाकडं तिचं लक्ष गेलं. तिनं ते काउंटरवर ठेवलं. "ह्याची नोंद करून ठेवा. उद्या येऊन नेते. आज माझ्याजवळ नको."

मल्हार गाडीची किल्ली घेऊन मागं धावला. तिनं वळूनही बघितलं नाही. रिक्षा करून स्टँडवर गेली, इस्लामपूरची एसटी पकडली आणि पोलीस ठाण्यात दोन्ही नावं सांगितली.

संध्याकाळी शिवतेजचा ट्रॅक्टर जप्त झाला. मल्हारला चौकशीला नेलं. सासू दारात आडवी आली, "घरचं नाव चव्हाट्यावर आणलंस!"

"आणलं," राजनंदिनी म्हणाली. "मी मेले असते तर झाकून राहिलं असतं, व्हय का न्हाई?"

सासू बाजूला झाली. राजनंदिनीनं आत जाऊन नवऱ्याला फोन लावला.