मंगळवार, शुक्रवार सोडून

आमच्या साडीच्या दुकानात दोन वह्या आहेत. एक गल्ल्याची, ती मालक बघतात. दुसरी एसीची, ती माझ्याकडे असते आणि ती कुणीच बघत नाही. नऊ वर्षांपूर्वी पहिल्या मजल्यावरच्या शालूच्या हॉलला मोठा एसी बसला, तेव्हा थोरल्या मालकांनी मला ती वही आणून दिली. "जोतीराम, मशीन कधी बंद पडलं, माणूस कधी आला, त्यानं काय केलं, काय बोलला, सगळं लिहायचं. तोंडी कुणाचं काय धरायचं न्हाय."

काय बोलला हेही लिहायचं, हा हुकूम मी जरा जास्तच मनावर घेतला. त्यामुळे वही जाड झाली.

थोरले मालक आता नाहीत. गादीवर त्यांचा मुलगा विश्वजित बसतो. वय चौतीस, हिशेबाला पक्का, आणि विश्वास या गोष्टीशी त्याचं बारशापासून वाकडं. दुकानात त्यानं सोळा कॅमेरे लावलेत. एक माझ्या टेबलाच्या बरोबर वर आहे. गच्चीवर मात्र कॅमेरा नाही, कारण वरच्या मजल्यावर त्याची आत्या, म्हणजे सगळ्या गल्लीची आक्का राहते, आणि तिनं तो लावू दिला नाही. "मी न्हाऊन केस सोडून बसते तितं. ते बघायचं हाय व्हय रं तुला?" विश्वजित कॅमेरा घेऊन खाली आला. गच्चीची किल्ली आक्काच्या कमरेला असते, थोरल्या मालकांपासून.

एसीचं बाहेरचं मशीन त्याच गच्चीवर आहे. लोखंडी कपाटाएवढं, पुढं दोन मोठे पंखे. हॉलमधली उष्णता ते गोळा करतं आणि पंख्यांतून बाहेर फेकतं. समोर उभं राहिलं तर भट्टीपुढं उभं राहिल्यासारखं होतं. या मशीनचं वर्षाचं काम आकारामकडे. बिद्रीकडचा माणूस, पन्नाशीचा, आयटीआय केलेला. नऊ वर्षांत त्याची एकही सही वाकडी नाही. बोलतो कमी. माझ्या वहीत त्याच्या नावापुढं "काय बोलला" या रकान्यात बहुतेक वेळा "काही नाही" असंच आहे.

यंदा मार्चमध्ये, ऐन लग्नसराईत, मशीन बंद पडायला लागलं. वेळ ठरलेली, दुपारी दीड ते दोनच्या दरम्यान. गार हवेच्या जागी नुसती हवा, मग तीही कोमट. शालू खांद्यावर टाकून बघणाऱ्या नवरीच्या मानेवर घाम. कागलचं चौदा माणसांचं एक वऱ्हाड "जरा च्या पिऊन येतो" म्हणून उठलं आणि समोरच्या दुकानात जाऊन बसलं. आमच्या काचेतून दिसत होतं, तिथं त्यांना च्या मिळाला.

फोन केला की आकाराम चार-साडेचारला यायचा. आक्काकडून किल्ली घ्यायचा, वर जायचा, मीटर लावायचा, एक लाल बटण दाबायचा. मशीन सुरू. रात्री दुकान बंद होईपर्यंत हूं की चूं नाही. एक-दोन दिवसांत दुपारी पुन्हा बंद.

"बिघाड काय हाय?" विश्वजितनं विचारलं.

"दाब चढतोय दादा. दाब चढला की मशीन आपणहून बंद हुतं, फुटू नये म्हणून. पर मी येतो तवा दाब नीट असतोय."

"म्हणजे तू आलास की नीट, तू गेलास की बिघाड."

मी वहीत लिहिलं, "काही नाही."

खरं सांगायचं तर संशय मलाही आला होता. डॉक्टर आल्यावरच उतरणारा ताप कुणाला खरा वाटेल? मी त्याच्या पिशवीकडे बघायला लागलो. वर जाताना केवढी, खाली येताना केवढी. दोन्ही वेळा सारखीच दिसायची, आणि त्यामुळे संशय जास्तच वाढायचा.

त्यात सम्राट आला. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीचा इथला माणूस, हातात टॅबलेट, बुटांना धूळ नाही. तो गच्चीवर गेलाच नाही. खुर्चीत बसून म्हणाला, "सर, मी कुणाचं नाव घेत नाही. पण बाहेर असं चालतं. आज गॅस काढायचा, उद्या भरायचा, बिल लावायचं."

"आकारामनं यंदा गॅसचं बिल लावलेलं नाही," मी म्हणालो.

"अजून," सम्राट म्हणाला.

हा एक शब्द विश्वजितला फार आवडला. त्या दिवसापासून दुकानात आकारामला "गॅसवाला" म्हणायला सुरुवात झाली. आणि सगळ्यात मोठ्यानं कोण म्हणत होतं, तर आक्का. मशीन बंद पडलं की दोन वाजता जिन्यावरून आवाज यायचा, "पडली का बंद पुन्हा? आरं त्या गॅसवाल्याला हाकला की! एक मशिन धड चालवता येत न्हाय मुडद्याला!"

आक्काला एसीचा एवढा कळवळा का, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं. ती आयुष्यात शालूच्या हॉलमध्ये बसलेली नाही. गार हवेनं तिचे गुडघे दुखतात.

आकारामनं एक उपाय केला. एका बुधवारी दुसरी सगळी कामं सोडून बाराला आला आणि मशीनपुढं गच्चीवर मांडी घालून बसला, बिघाड डोळ्यांनी बघायला. चारपर्यंत बसला. मशीन बंद पडलंच नाही. आक्का दोनदा वर डोकावली आणि खाली येऊन माझ्यापाशी कुरकुरली, "मधीच बसलाय बघ देवासारखा. हलंना की."

झालं. विश्वजितचा हिशेब पुरा झाला. "तो बसला तर चालतं. म्हणजे बंद पाडणारा तोच. अण्णा, वही आणा."

मी वही आणली. तारखा, वार, वेळा सगळं वाचून दाखवलं. वाचताना माझ्याच लक्षात आलं आणि मी हुशारी दाखवायला गेलो. "मालक, एक गंमत हाय. सोमवारी दुकान बंद असतं ते सोडा. पण मंगळवारी आणि शुक्रवारी एकदाही बंद पडलेलं न्हाय."

विश्वजितनं माझ्याकडे बघितलं. "मंगळवार-शुक्रवार हा कुठं असतो?"

"आजऱ्याला. काजूच्या कारखान्यात. तिथलं गार खोलीचं काम हाय त्याच्याकडं."

"म्हणजे ज्या दिवशी गावात नसतो, त्या दिवशी आपलं मशीन ठणठणीत. आणखी काय पुरावा पाहिजे?"

माझी हुशारी आकारामला भोवली. नऊ वर्षं ज्या वहीत त्याच्याविरुद्ध एक अक्षर नव्हतं, तिच्यातूनच तो चोर ठरला. विश्वजितनं त्याला फोन लावला आणि माझ्यासमोर सांगितलं, "शनिवारी पुण्याच्या कंपनीशी सही करतोय. तोवर काय दाखवायचं ते दाखव. आणि का काढला हे गल्लीतल्या दुकानांच्या ग्रुपवर टाकणार आहे मी."

काम जाणं एक गोष्ट. त्या ग्रुपवर सत्तावन्न दुकानं आहेत. त्यातल्या अकरा दुकानांचे एसी आकाराम बघतो.

गुरुवारी तो सकाळीच आला. मशीनचं पुढचं दार खोललं, पाण्याच्या पंपानं आतली जाळी धुवायला घेतली. मी सहीसाठी वही घेऊन वर गेलो. खाली वाहणारं पाणी तांबूस होतं. पाच मिनिटांत आम्ही दोघं शिंकायला लागलो. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी.

"अण्णा, हे बघा." त्यानं पंख्याच्या मागून काहीतरी टिपून तळहातावर धरलं. तीन पिवळ्या चपट्या बिया.

मिरचीचं बी ओळखायला कोल्हापुरात कुणाला शिकावं लागत नाही.

मी वर बघितलं. पश्चिमेला गेल्या दिवाळीत सहा मजली इमारत उभी राहिली. एक वाजून गेला की तिची सावली आमच्या गच्चीवर सरकते. चैत्राच्या तोंडावर वर्षाच्या चटणीच्या मिरच्या घरोघर वाळत पडतात. आक्काच्या मिरच्या दरवर्षी सहा किलो, निम्म्या संकेश्वरी, निम्म्या ब्याडगी. यंदा त्यांना ऊन कुठून मिळणार? आणि समोर दोन मोठे पंखे, दिवसभर गरम वारा फेकणारे, फुकट.

कोपऱ्यात जुनं लुगडं घडी करून ठेवलेलं होतं. चारही टोकांना गाठीच्या चुण्या. आकारामनं ते पंख्याच्या जाळीवर धरून बघितलं. गाठी बरोबर जाळीच्या कोपऱ्यांवर आल्या.

"तोंडाला फडकं बांधलं," तो म्हणाला, "त्यात मिरच्या. उष्णता बाहेर पडंना, दाब चढला, मशीन बंद. वारा बंद झाला की म्हातारी मिरच्या गोळा करून खाली. मी चारला येतो तवा हितं काय दिसणार? बुधवारी मी बसलो हुतो, म्हणून तिनं बांधलंच न्हाय."

"आणि मंगळवार-शुक्रवार आक्का दुपारभर अंबाबाईच्या देवळात असते," मी म्हणालो. "राखणीला कुणी नसलं की ती मिरची बाहेर टाकत न्हाय. पारवी येतात."

आता कळलं, दोन वाजता ती कशासाठी ओरडायची. मशीन बंद पडलं की तिच्या मिरच्या ओल्या राहात होत्या. नवऱ्या घामानं भिजतायत याची तिला खबर नव्हती.

"चल खाली, मालकाला सांगू," मी म्हणालो.

"नगं." त्यानं बिया झटकल्या. "म्हातारीची सगळ्या गल्लीत वरात काढतील. पहिल्या वर्षी भर पावसात काम करत हुतो तवा तिनं भाकरी आणून दिलती मला. उगं न्हाई." मग जरा थांबून म्हणाला, "गोदामात साड्या लावायचा तो चाकाचा जुना स्टँड पडलाय की न्हाय अजून?"

गोदामाची किल्ली माझ्याकडे असते. पुढं काय झालं ते मी वहीत लिहिलेलं नाही.

दुपारपर्यंत स्टँडला तीन खण पडले, मच्छरदाणीच्या जाळीचे. आकारामनं तो पंख्यांपासून पाच हात लांब उभा केला आणि जमिनीवर खडूनं रेघ मारली. "आक्का, मिरची हितं ठेवायची. ह्या रेघंच्या अलीकडं काय न्हाय आणायचं. वारा चालू ऱ्हाईल, दिवसभर ऱ्हाईल."

आक्कानं हात पुढं करून वारा बघितला. "तांबडी ऱ्हाईल न्हवं? काळी पडणार न्हाय?"

"न्हाय पडत."

"मग हे पंधरा दिवसांमागं का न्हाय केलंस रं, मुडद्या?"

आकारामनं यावर काय उत्तर दिलं? काही नाही. वहीत मात्र स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "हवेला अडथळा होता. काढला."

गुरुवारी मशीन बंद पडलं नाही. शुक्रवारी नाही. शनिवारी सकाळी विश्वजितनं वही बघितली, पहिल्यांदाच, आणि टेबलावर आपटली. "बघा! धमकी दिली आणि दोन दिवसांत सुधारलं. म्हणजे इतके दिवस हाच पाडत होता. अडथळा म्हणे! कसला अडथळा? ह्याचाच हात!"

सम्राट खुर्चीत बसलेला, करार उघडलेला. आकाराम दाराशी उभा होता, हिशेबाला बोलावलेला. तो माझ्याकडे बघतही नव्हता. त्यानं माझ्याकडून शब्द घेतला नव्हता, पण मी तो पाळावा असं त्याच्या मानेवरून दिसत होतं. मी तो पाळला. आक्काचं नाव घेतलं नाही. नुसता जिन्यानं वर गेलो आणि तिला म्हणालो, "आक्का, आकाराम आजपास्नं बंद. पुण्याचा माणूस येणार. त्ये लोक गच्चीवर मशीनशिवाय काय ठेवू देत न्हाईत म्हणं. तुमचा तो स्टँड..."

माझं वाक्य पुरं व्हायच्या आधी ती जिन्यात होती. दुखऱ्या गुडघ्यांनी तीन मजले. हाताला तिखट लागलेलं तसंच.

"कोण हाय रं तो माझ्या मिरच्या काढणारा?" तिनं दुकानात पाऊल टाकलं तशी शालू बघणारी सगळी माणसं वळली. "तू व्हय? पावणं, उठा. निम्मी मिरची वाळायची हाय अजून!"

"आत्या, कसली मिरची?" विश्वजित उभा राहिला.

"चटणीची! वर्षभर ताटात काय वाढते तुला? त्या शेजारच्या बिल्डिंगनं ऊन खाल्लं, म्हणून पंधरा दिस मशिनीच्या तोंडाला लुगडं बांधून वाळवायला बघते, तर मशिन मेली अर्ध्या तासात बंद पडती! ह्यानं स्टँड करून दिला, तवा कुठं नीट चालाय लागली. आणि ह्यालाच काढतोस?"

हॉलमध्ये गार हवा चांगली येत होती. तरी विश्वजितच्या कपाळावर घाम दिसला. तो आक्काकडे बघत होता, मग आकारामकडे, मग वहीकडे.

"गॅसवाला म्हणून तूच ओरडत होतीस की!"

"मशिन बंद पडली तर दुसरं काय म्हणू? मला काय ठावं तुमच्या मशिनीचं?"

सम्राटनं टॅबलेट बंद केला. तो शहाणा माणूस, आक्काच्या तिखट हातापासून लांबूनच गेला. विश्वजितनं आकारामला "आकारामदादा, बसा" म्हटलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा. आकाराम बसला नाही, कपड्यांना ग्रीस होतं आणि खुर्चीवर पांढरं कापड. त्यानं नव्या वर्षाच्या कागदावर उभ्यानं सही केली. सरळ, नेहमीसारखी. ग्रुपवर काही गेलं नाही. आक्का वर जाताना त्याला म्हणाली, "चटणी झाली की डबा घेऊन जा. आणि ती रेघ पुसली पावसानं तर पुन्हा मारून दे."

सगळे गेले. मी वही मिटून कपाटात ठेवत होतो.

"अण्णा," विश्वजित मागून म्हणाला. आवाज एकदम मऊ, म्हणजे धोक्याचा. "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"वहीत जेवढं हाय तेवढंच मला माहीत, मालक."

मग त्यानं माझ्या डोक्यावरच्या कॅमेऱ्याकडे बघितलं, आणि मोबाईलवर गुरुवारचं चित्रण उघडून माझ्यापुढं धरलं. त्यात आकाराम आणि मी स्टँड ढकलत चाललो होतो.

"बरं. मग गोदामातला तो चाकाचा स्टँड गच्चीवर कसा गेला, तेवढं कुठल्या पानावर हाय, दाखवा."