आधी वजनं, मग माणसं

पहिल्या तारखेला नवऱ्याने घरखर्चाचे पैसे टेबलावर ठेवले, आणि ते हातात घेताच तिला फरक कळला. मोजायची गरजच पडली नाही. इतक्या वर्षांत त्या गठ्ठ्याची जाडी बोटांना पाठ झाली होती.

“कमी आहेत,” ती म्हणाली.

“हो.” तो खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता. “वजन टाकून बघतोय.”

“कशाचं?”

“सांगतो नंतर.”

एवढं बोलून तो निघून गेला, तोही जिन्याने. इमारतीला लिफ्ट होती, पण ती दुसऱ्या कुणीतरी तपासलेली होती.

तिचा नवरा लिफ्ट तपासण्याच्या कामावर होता. नवी लिफ्ट बसली की माणसांनी आत पाऊल टाकण्याआधी तो तिच्यात लोखंडी वजनं भरायचा, झेपायला हवीत त्याहून थोडी जास्तच, आणि ती वरखाली पळवून बघायचा. दोर ताणतो का, ब्रेक धरतो का, मधेच कुठे कुरकुर होते का. आधी वजनं, मग माणसं, हा कामातला नियम. तोच त्याने संसाराला लावला होता.

लग्न ठरलं तेव्हा काही महिने आधीपासूनच त्याने दोघांचा खर्च सुरू केला. राहत होता एकटा, पण तिच्या वाटचे पैसे दर महिन्याला बाजूला काढून ठेवायचा आणि उरलेल्यात भागवायचा. “मी यायच्या आधीच मला पोसत होते,” असं ती पुढे सगळ्यांना कौतुकाने सांगायची. मूल व्हायच्या आधी दुधाचे, औषधांचे आणि दाईचे पैसे असेच वेगळे निघायला लागले. तेव्हा तिची नणंद म्हणाली होती, “दादा, पैशांचं झालं. आता रात्री उठून जरा रडूनही दाखव, म्हणजे वहिनीची सगळीच तयारी होईल.” घराचं कर्ज घ्यायच्या आधी वर्षभर त्यांनी स्वतःलाच हप्ता भरला. एकदा मोठ्या घराचा मोह झाला होता, भरपूर खिडक्यांच्या. त्याचं वजन टाकलं तर चौथ्या महिन्यात मुलीचे बूट लांबणीवर पडले. नवरा म्हणाला, “दोर ताणतोय,” आणि तो विषय तिथेच संपला. तिला त्या खिडक्या पुढे कितीतरी दिवस दिसत राहिल्या, पण त्यांच्या घरात कधी कुणासमोर हात पसरायची वेळ आली नाही, हेही तितकंच खरं. त्याची निवृत्ती पुढच्या वर्षी होती. त्या निवृत्तीचं वजन तर मागच्याच वर्षी टाकून झालं होतं. निवृत्तिवेतनाएवढ्या पैशांत दोघांनी सहा महिने काढले, आणि काहीही कुरकुरलं नाही.

मग आता कुठला मजला उरला होता?

हा प्रश्न तिने मनात आणला आणि लगेच मागे ढकलला. कारण पंधरा दिवसांपूर्वी डॉक्टरांनी तिच्या मानेतल्या गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला होता. रिपोर्ट आणायचं काम नवऱ्याकडे होतं. रोज संध्याकाळी ती विचारायची आणि रोज तो म्हणायचा, “अजून नाही आला.” म्हणताना तिच्याकडे बघायचा नाही.

ती कपड्यांच्या दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती. लांबी कमी करायची, कंबर आवळायची, शिवण उसवून ढिलं करायचं, असलं काम. दुकानात इस्त्री करणारी एक बाई होती, तोंडाने फटकळ आणि मनाने साखर. शेवटी न राहवून ती त्या बाईजवळ पैशांचं बोलली.

“ताई, नवऱ्याने पैसे कमी दिले की कारणं दोनच,” इस्त्रीवाली वाफेतून म्हणाली. “पत्ते, नाहीतर बाई.”

“पत्त्यांना चार माणसं लागतात, आणि बाईशी निदान बोलावं तरी लागतं. ह्यांना दोन्ही जमायचं नाही.”

“मग चांगलंच आहे की! मुकाट्याने पैसे साठवतोय बिचारा. तुम्हाला दागिना करेल.”

ती हसली. हल्ली हसताना, गिळताना तिचा हात आपोआप त्या गाठीवर जायचा.

संध्याकाळी भाजी घेताना तिने मनाशी हिशेब मांडला. पैसे निम्मे नव्हते. नुसती काटकसर असती तर नवऱ्याने सरळ निम्मे केले असते, नाहीतर चौथा हिस्सा कापला असता. हा आकडा निम्म्याहून बराच वर होता, आणि तिला त्याची चाल कळत होती. इमारतीची देखभाल तेवढीच धरली होती. विजेचं बिल जवळजवळ तेवढंच, कारण खोलीतला दिवा दोघांसाठी लागला काय आणि एकासाठी लागला काय, सारखाच जळतो. कमी झालं होतं ते फक्त तोंडी लागणारं आणि अंगावर घालायचं. दूध निम्मं. अंडी निम्मी. बसचा पास एकच.

हा एका माणसाचा खर्च होता.

बटाटेवाला म्हणाला, “बाई, किती देऊ?” आणि तिला सांगता येईना.

पहिला विचार आला तो नवऱ्याचाच. ह्याला काहीतरी झालंय. हा लपवतोय. माझ्या एकटीचं कसं भागेल ते आधीच बघून ठेवतोय. त्या रात्री तो झोपल्यावर ती त्याच्या श्वासाकडे कान लावून पडून राहिली. दुसऱ्या दिवशी जिना चढून आल्यावर दम लागतो का ते पाहिलं. लागत नव्हता. भूक नीट होती, रंग नीट होता. उलट तिचंच ताट अर्धं राहत होतं आणि तो त्याकडे चोरून बघत होता.

मग बुधवारी तो कपडे धुण्याच्या यंत्रापुढे जाऊन उभा राहिला. आयुष्यभर शेकडो यंत्रं उघडून बसवलेला माणूस, पण ह्या यंत्राला त्याने कधी बोट लावलं नव्हतं.

“अगं, पांढरे कपडे कुठल्या आकड्यावर लावतेस?”

“तुम्हाला कशाला हवंय?”

“असंच. माहीत असावं.”

गुरुवारी त्याने अंडी उकडली, आणि मीठ कुठे असतं ते विचारलं. शुक्रवारी पलंगावरच्या चादरी कुठल्या कपाटात असतात ते विचारलं. ती उत्तरं देत गेली, आणि प्रत्येक उत्तराबरोबर तिची धास्ती वाढत गेली. का ते मात्र तिला नीट कळत नव्हतं. कदाचित कळून घ्यायचं नव्हतं.

ते शनिवारी कळलं. दुकानात एक म्हातारा पिशवीभर शर्ट घेऊन आला. कुणाला बटण नव्हतं, कुणाची कॉलर उसवलेली. पिशवी टेबलावर ठेवून तो उगाच ओशाळला.

“बायको होती तोवर ह्यातलं काही घराबाहेर आलंच नाही,” तो म्हणाला. “मला तर सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही. शिकायला हवं होतं. वेळ होता, पण म्हटलं, घाई काय आहे?”

“देते करून, आजोबा. मंगळवारी या.”

म्हातारा गेला. तिने एक शर्ट उलगडला, आणि उलगडलेलाच हातात राहिला. मागे राहणारा माणूस शिकतो. घरात शिकत कोण होतं? यंत्राचे आकडे, मीठ, चादरी. वजनं नवरा स्वतःच्या एकटेपणाची टाकत होता. तिच्या नव्हेच.

तिला एकदम थंडी वाजली. इस्त्रीच्या वाफेने भरलेल्या त्या खोलीत तिने शाल मागितली.

“ताई, अंग फणफणलंय की काय?”

“नाही गं. घरी जाते.”

नवरा स्वयंपाकघरात होता. बारक्या पातेल्यात बारकंसं सूप ढवळत होता. एवढं बारकं पातेलं घरात होतं हेही ती विसरून गेली होती. तिने पिशवी खाली ठेवली आणि शेगडी बंद केली.

“रिपोर्ट कधी आला?”

“कुठे आलाय? अजून—”

“माझ्याकडे बघून बोला.”

त्याने बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. त्याचे डोळे तिला ओळखू आले नाहीत, इतके भ्यालेले होते.

“खरंच नाही आला,” तो म्हणाला. “तुझ्या गळ्याची शप— नाही, गळ्याची नको. माझी शपथ. सोमवारी येणार आहे.”

“मग हे काय चाललंय? मी आहे अजून ह्या घरात! माझं दूध बंद केलंत, माझा बसचा पास बंद केलात. मीठ कुठंय विचारता. मला जिवंतपणी वजा करून बघताय?”

“तसं नाही गं.”

“तसंच आहे. मला हिशेब येत नाही असं वाटलं? बटाटेवाल्यासमोर उभ्या उभ्या कळला मला.”

तो खुर्चीवर बसला, पळी हातातच. सूप जमिनीवर ठिबकत होतं आणि एरवी थेंबाथेंबाला जपणाऱ्या त्या माणसाला पत्ताच नव्हता.

“मला झोप लागत नाही,” तो म्हणाला. “घाबरलो की मला दुसरं काही सुचतच नाही. लहानपणापासून असाच आहे. जे व्हायची भीती वाटते ते आधी करून बघायचं. झेपलं तर भीती जाते. आजवर गेली.”

“मग? गेली ह्या वेळी?”

त्याने मान हलवली. “पैसे बसतात. सगळं बरोबर बसतं. उरतातसुद्धा. आणि उरलेले बघितले की मला ओकारी येते.”

ती त्याच्यासमोर बसली. तिला त्याला जवळ घ्यावंसं वाटत होतं आणि पळी त्याच्या डोक्यात घालावीशीही वाटत होती. तिने पळी त्याच्या हातातून काढून घेतली.

“तुम्ही सोपं गणित घेतलंत,” ती हळू म्हणाली. “एकट्या माणसाचं कुणाचंही बसतं. दुसरं का नाही मांडलंत?”

“कुठलं दुसरं?”

“दोघांचं. एक आजारी असलेलं.”

तो जमिनीवर सांडलेलं सूप पुसायला वाकला. तिला कळलं की हा विचार त्याला सुचला नव्हता असं नाही. सुचला होता, आणि त्याची त्याला जास्त भीती वाटली होती.

“ते बसणार नाही,” तो म्हणाला.

“मांडा तर खरं.”

“अगं, त्याला तळ नसतो! औषधं किती, किती महिने, काहीच माहीत नाही. तुझा पगार जाणार. इस्पितळात बसने नेता येत नाही, तिथे गाडी लागते. रात्रीला कुणी बाई ठेवावी लागली तर? पुढच्या वर्षी माझाही पगार बंद. आकडा कुठे थांबवायचा?”

“मांडा म्हटलं ना. मी सांगते, तुम्ही बेरीज करा. दूध पूर्ण धरा. अंडी माझी जास्त धरा, आजारी माणसाला लागतात.”

मग त्या टेबलावर, थंड झालेल्या सुपाशेजारी, त्यांनी तो हिशेब केला. ती एकेक गोष्ट सांगत होती, आणि प्रत्येक गोष्ट सांगताना पलंगावर पडलेली ती स्वतःच तिला दिसत होती. तो बेरीज करत होता आणि मधूनमधून घाम पुसत होता. लेकीला पैसे मागायचे का, ह्यावर भांडण झालं. ती नको म्हणाली, तो म्हणाला, “मग तिला वाढवली कशाला?” आणि दोघं क्षणभर हसली, अगदी घाबरलेली माणसं हसतात तशी. आकडा येणाऱ्या पैशांच्या पुढे गेला, मग शिलकीत शिरला, आणि शिल्लक कुरतडत राहिला.

“नाहीच बसत,” तो शेवटी म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने अशा हिशेबाकडे बघितलं होतं जो ताणला की तुटत होता, आणि तरी तो टाकून द्यायचा नव्हता. “दीड वर्ष जाईल फार तर. त्याच्यापुढे घर विकावं लागेल.”

“पुढचं पुढे. दूध उद्यापासून दोघांचं आणा.”

सोमवारी दवाखान्यातून फोन आला. रिपोर्ट तयार आहे, बरोबर कुणाला तरी घेऊन या, असं पलीकडची मुलगी म्हणाली. ते ‘कुणाला तरी’ ऐकून तिने फोन टेबलावर ठेवायचा तो दोनदा चुकीच्या जागी ठेवला.

डॉक्टरबाई तरुण होत्या. कागद वाचून त्यांनी चष्मा काढला तेव्हाच तिला कळलं, पण त्यांनी ते नीट, न घाबरवता सांगितलं. गाठ वाईट आहे. शस्त्रक्रिया लगेच करायला हवी, आणि नंतर बरेच महिने उपचार. बऱ्या होतीलच असं आत्ता कुणी सांगू शकणार नाही, पण प्रयत्न करण्यासारखी स्थिती नक्की आहे.

तिच्या कानात सूं असा आवाज येत होता. खोली, डॉक्टरबाई, खिडकी, सगळं लांब गेल्यासारखं वाटत होतं. शेजारी नवरा होता, पण त्याच्याकडे बघायचा तिला धीर होईना. आत्ता ह्या क्षणी हा मनात काय मांडतोय? पुन्हा ते बारकं पातेलं?

नवऱ्याने घसा खाकरला. खिशातून पेन काढलं. ते त्याच्या हातातून पडलं, त्याने उचललं.

“उपचारांचा महिन्याचा खर्च किती येतो?” त्याने विचारलं.

डॉक्टरबाईंच्या कपाळावर आठी पडली. एवढं ऐकल्यावर ह्या माणसाला पैसे सुचतात, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. “ते बाहेर काउंटरवर सांगतील,” त्या जरा कोरडेपणाने म्हणाल्या.

“नाही, तुम्हीच सांगा. साधारण. आणि महिने जास्तीत जास्त धरून सांगा, कमी नको.” त्याचा आवाज फुटला. “ती बरी होईपर्यंतचे.”

तिने टेबलाखाली त्याचा गुडघा घट्ट पकडला. डॉक्टरबाई आकडे सांगू लागल्या, आणि ते ऐकता ऐकता नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडत गेला, पण पेन थांबलं नाही.