अर्धी गोळी

चंद्रावतीमावशीच्या बिस्किटांच्या डब्यातली प्रत्येक गोळी सुरीने मधोमध कापलेली होती, आणि निम्मे तुकडे डब्यात नव्हतेच. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन होऊन मावशीला चार वर्षं झाली होती. रोज एक अख्खी गोळी घ्यायची, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. भाची गौरवीने डबा मावशीपुढे धरला.

"मावशे, उरलेली अर्दी खंय गेली?"

"देवकीक," मावशी शांतपणे नारळ खवत म्हणाली. "तिकाय गाठ आसा. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात मी तिका गोळये देतंय, ती माका सुकी सुंगटां देता."

देवकी म्हणजे मावशीची चोपडे गावची, सुकी कोळंबी विकणारी बालमैत्रीण.

"आनी डॉक्टर?"

"डॉक्टर कित्याक? तूच तर सगळा सांगललंस."

सांगितलं होतं खरं. दोन वर्षांपूर्वी, गणपतीच्या चवथीला, इथेच मुळगावात. गौरवीला कर्करोगाच्या संशोधनाची जागा नुकतीच मिळाली होती आणि बाईसाहेबांच्या जिभेला काही केल्या विसावा नव्हता. तिने जमिनीवर तांदळाचे दाणे मांडले. गाठीतल्या काही पेशी बियाण्यासारख्या असतात, बाकीच्या मेल्या तरी तग धरतात. 'वाढा' असा निरोप त्यांना एका दारातून पोचतो. गोळी ते दार लावून घेते, मग बी निजून राहतं. सगळ्यांनी कौतुकाने माना डोलावल्या. कोपऱ्यातून देवकीने एवढंच विचारलं होतं, "सगळ्या गाठींक दार एकच, बाय?"

"एकच समज," म्हणून गौरवीने हळदीच्या पानात उकडलेली पुढची गोड पातोळी उचलली होती.

एकच म्हणे. प्रयोगशाळेत ती रोज तेच तर बघत होती, की कुणाच्या गाठीला हे दार असतं, कुणाच्या नसतंच, आणि एक लावलं की पेशी दुसरं शोधतात. विचारणारीच्या पदराआड गाठ असेल, हे तिच्या गावीही नव्हतं. तिला स्वतःची किळस आली.

तिने देवकीला फोन लावला.

"गाठ? लिंबाएवडी झाली," देवकी मोकळेपणाने म्हणाली. "पन निजली आसा. दुखना नाय."

"देवकीमावशे, फाल्यां सकाळी तयार रव. मी गाडी घेवन येतंय. हॉस्पिटलात जावया."

"कित्याक गो?"

"मी चुकीचा सांगललंय."

मावशीचं खवणं थांबलं.

"आनी चंद्रावती?" देवकीने हळूच विचारलं. "दोन वर्सां ती माजेपायी अर्दीच खाता."