अंजनाबाईंच्या तोंडचा परका आवाज

मित्रांनो, माझ्या डब्याचं झाकण उघडणार असाल तर आधी नाकाला रुमाल लावा. मी एक जुना माहितीपट आहे आणि म्हातारपणी माझ्या फितीला व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागलाय. वासाचं मला काही वाटत नाही. वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं, आणि ती आज कबूल करूनच टाकतो.

पंचेचाळीस वर्षांपूर्वी शिरूर तालुक्यातल्या एका गावात माझा जन्म झाला. तिथं सरकारी विहीर होती, पण बौद्धवस्तीतल्या बायकांना तिच्यात पोहरा सोडायची मुभा नव्हती. कुणीतरी वरून पाणी ओतेल तेव्हा त्यांची घागर भरायची. त्याविरुद्ध वस्ती उठली आणि पुण्याहून एक साहेब कॅमेरा घेऊन आले. सगळ्यांत पुढे होत्या अंजनाबाई, पंचविशीच्या आणि तिखट. कॅमेऱ्यासमोर त्या अशा काही बोलल्या की काय सांगू!

पण साहेबांना मला वरून, सरकारकडून, पास करून घ्यायचं होतं. त्यांनी अंजनाबाईंच्या आवाजाची टेप पुसली, शहरातल्या एका गोड गळ्याच्या बाईला बसवलं आणि तिच्याकडून वदवून घेतलं, "आता आमच्या गावात भेदभाव उरलेला नाही. आम्ही समाधानी आहोत." ओठ अंजनाबाईंचे, शब्द साहेबांचे. मी मुकाट्यानं दोन्ही अंगावर वागवले.

माझं फार कौतुक झालं. शाळाशाळांत मला दाखवलं. मग एकदा त्याच गावात, शाळेच्या भिंतीवर दाखवलं आणि वस्तीतून ओरड उठली, "अंजना फितूर झाली!"

"ह्यो माझा आवाज न्हाई वो!" अंजनाबाई रडून सांगत होत्या. पण साहेबांनीच मागाहून हिला शहरी बोलायला शिकवलं असणार, असं लोकांनी ठरवून टाकलं. चुलतदीर सावळारामनं त्यांच्या घरचं पाणी पिणं सोडलं. नवरा, भैरू, मरेपर्यंत त्यांच्याशी कामापुरतंच बोलला. मी मात्र पुढच्या गावाला निघून गेलो.

पुढे माझीही रया गेली. दौंडच्या एका बंद पडलेल्या टॉकीजच्या माळ्यावर पडून राहिलो, अंगावर बुरशी चढली. खरं सांगू? बरंच वाटलं.

गेल्या वर्षी केडगावची भाग्यश्री मला पुण्याला घेऊन गेली. ती जुन्या फिल्मा संगणकावर दुरुस्त करते. तिनं माझं एकेक चित्र स्वच्छ केलं, ओरखडे काढले. अंजनाबाईंचा चेहरा लख्ख झाला आणि माझं पाप उघडं पडलं. ओठ मिटले तरी आवाज चालूच! भाग्यश्रीनं ते चारदा पाहिलं, लॅपटॉप उचलला आणि गाव गाठलं.

अंजनाबाई आता सत्तरीच्या. काय चाललंय ते बघायला सावळारामही काठी टेकत येऊन उंबऱ्याबाहेर बसला.

"आवाज बंद कर, पोरी," अंजनाबाई म्हणाल्या.

मी मुका झालो. पडद्यावरची तरणी अंजना बोलू लागली आणि समोरची म्हातारी तिच्या ओठांबरोबर बोलत गेली, "इहीर सरकारी हाय, आन् आमी काय भिकारी न्हाई. वरनं वतल्यालं पानी मला नको. माझा पोहरा मीच सोडणार. आज न्हाई तर उद्या, पर सोडणार!"

एकही शब्द मागेपुढे झाला नाही. भाग्यश्रीनं तो आवाज लॅपटॉपवर टिपून घेतला.

"आजी, तो जुना आवाज पुसून टाकू?" भाग्यश्रीनं विचारलं.

"पुसू नगं. आधी ती बाई बोलू दे, मग मी. काय केलं त्ये लोकांना दिसू दे."

सावळारामची मान खाली गेली होती. "वैनी, वाईच पानी द्या मला," तो म्हणाला.

अंजनाबाईंनी तांब्या भरून दिला. मग भिंतीवरच्या भैरूच्या फोटोकडे बघत म्हणाल्या, "आन् ह्यास्नी कसं ऐकवू?"

मित्रांनो, जुन्या फिल्मा कोरड्या जागी ठेवा, त्यांना ओल लागू देऊ नका. पण बुरशी झडते, ओरखडेही निघतात. 'हा आवाज माझा नाही' असं कुणी रडून सांगत असेल, तर त्याच्या ओठांकडे त्याच वेळी नीट बघा. मी खरं बोललो, पण ज्यानं ते ऐकायला हवं होतं, तो माणूस तोवर फोटोत जाऊन बसला होता.