कोण हाय काय घरात?

“दिव्याची जागा हलवायची न्हाय, आणि दिवा विझू द्यायचा न्हाय. बाकीचं तुझं तू बघ.”

सासूबाईंचं हे शेवटचं शहाणपणाचं बोलणं. त्यानंतरचे दोन दिवस त्या फक्त चहा मागत होत्या. जयाबाईंनी तेव्हा ‘व्हय’ म्हटलं आणि त्या एका ‘व्हय’ला यंदा अकरा वर्षं झाली. पहाटे अंघोळ, मग काजळी झाडायची, वात पुढं सारायची, तेल घालायचं, आणि मगच तोंडात पाणी. माहेरी खानापूरला गेल्या तरी मुक्काम नाही. भाऊ म्हणायचा, “आक्का, तू येतेस ती फक्त चप्पल फिरवायला.”

अडचण यायची ती दर तीन वर्षांनी. कंग्राळी ओलांडून पुढं आंबेहोळ नावाचं त्यांचं गाव आहे. तिथं देवीचा म्हणून एक मंगळवार असतो. त्या दिवशी उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत गावात माणूस थांबायचं नाही. गाई-म्हशी, कोंबड्या, कुत्री सगळी घेऊन शिवेबाहेर जायचं, रानात चूल मांडायची आणि तिथंच जेवायचं. देवी त्या दिवशी गावातनं एकटी फिरते. भावकू पुजारी सांगायचे, “बाकी काय न्हाय, तिला एक दिवस घर रिकामं पायजे.” पुरुषांना हे समजावून सांगावं लागायचं. बायकांना लगेच कळायचं.

मागच्या खेपेला जयाबाई समई काठोकाठ भरून गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा वातीवर काजळीचं फूल चढून ज्योत तिळाएवढी उरली होती. तो तीळ पुढं तीन वर्षं त्यांच्या डोळ्यांसमोर होता.

“काकू, ह्या टायमाला मशीन करतो,” स्वरूप म्हणाला. स्वरूप त्यांच्या दिराचा मुलगा. बेळगावच्या एका कारखान्यात तो यंत्रांना यंत्रं जोडायचं काम करायचा.

“मशीनला सोवळं कुठलं रं?”

“मशीन जेवत न्हाय, झोपत न्हाय, कुणाला नावं ठेवत न्हाय. तुझ्यापरास सोवळ्यात हाय.”

जयाबाई हसल्या, म्हणजे झालंच. तेलाची बाटली, तिला सलाईनची नळी, नळीला अंगठ्याएवढा पंप आणि वात पुढं सारायला पितळी चिमटी, असं सगळं देवघरात बसलं. वर एक कॅमेरा आला. राहिलं बोलणं.

“तेल कमी झालं तर मशीननं सांगाय पायजे,” स्वरूप म्हणाला. “तुझ्या आवाजात भरूया.”

“पण सांगायचं कुणाला? घरात कोण असणार हाय?”

“सिस्टीमला लागतंय, काकू.”

मग जयाबाई देवासमोर बसून हळू आवाजात म्हणाल्या, “दिवा विझू द्यायचा न्हाय.” मग म्हणाल्या, “तेल संपत आलंय. कोण हाय काय घरात?” स्वरूप म्हणाला, “जरा मोठ्यानं.” त्या म्हणाल्या, “देवाला ऐकू येतंय.” तिसरं वाक्य चुकून भरलं गेलं. उठताना सवयीनं त्या देवाला म्हणाल्या, “येते मी.” स्वरूपनं ते पुसलं नाही.

देवीच्या मंगळवारी गाव भल्या सकाळी बाहेर पडलं. आणि साडेदहाच्या सुमाराला दोघं जण आंबेहोळात उतरली.

ती फार लांबनं आली होती. किती लांबनं, ते सांगून उपयोग नाही, कारण तिकडं बस जात नाही. नवी नवी जगं बघायची आणि त्यांची नोंद करायची, हे त्यांचं काम. दोघंही कागदी लिंबाएवढी, पिवळसर, आणि प्रत्येकाला दोन-दोन सोंडा. खरी नावं आपल्या तोंडात बसायची नाहीत, म्हणून एकाला थोरला म्हणू, दुसरीला धाकटी. येताना वाटेत त्यांनी रेडिओपासून फोनपर्यंत सगळं ऐकलं होतं, त्यामुळं मराठी आली होती आणि कन्नडही. इथं उतरायचं म्हणजे दोन्ही लागतं. त्यांचं यान कोंबड्या झाकायच्या डालग्यासारखं होतं. ते जयाबाईंच्या शेजारणीच्या, मालुबाईंच्या परसात डालग्यांच्या शेजारीच उतरलं आणि तिथं शोभलं.

“माणूस न्हाय,” थोरला म्हणाला.

“कोंबडं पण न्हाय,” धाकटी म्हणाली.

तेवढ्यात करंट आला. पलीकडच्या मळ्यातली मोटार आपोआप घुरघुरून चालू झाली आणि पाटाला पाणी सुटलं. कुणाच्या तरी माडीवरनं आवाज आला, “टाकी भरली आहे. कृपया मोटार बंद करा.” कुणी बंद केली नाही. तो आवाज बारा वेळा तेच म्हणाला, न चिडता. एका घरात धुण्याचं मशीन गाणं वाजवून थांबलं, कपडे पोटात धरून.

थोरल्यानं नोंद केली : यंत्रांचं जग. यंत्रं सुस्थितीत. कर्ते नाहीत.

“मेली असतील?”

“हाडं न्हाईत. गेलीत कुठंतरी.”

“का?”

“वहीत ‘का’चा रकाना न्हाय.”

“‘कृपया’ म्हणतंय बघ. कुणाला म्हणतंय?” धाकटी म्हणाली.

बरोबर बारा वाजता देवळातल्या विजेच्या नगाऱ्यानं ठोके धरले. घंटा आपोआप हलायला लागली, झांजा वाजल्या. देवळात कुणी नव्हतं. आरतीचं ते यंत्र मन लावून पाच मिनिटं वाजलं आणि गप्प झालं.

“बोलावतंय ते,” धाकटी म्हणाली.

“आणि कोण येत न्हाय.”

“तरी वाजवतंय.”

धाकटीला कसंतरी झालं. तिला तसं व्हायला लागलं की थोरल्याला काळजी वाटायची. परक्या जगात कशालाही हात लावायचा नाही, कुणाच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही, हे त्यांच्याकडचे दोन मोठे नियम. ‘कसंतरी’ व्हायला लागलं की हीच तेवढी घसरायची.

जयाबाईंच्या घराला बाहेरनं कुलूप होतं. दोघं खिडकीच्या गजातनं आत गेली. देवघरात समई जळत होती, आणि तिच्याशेजारचं यंत्र एका बाईच्या मऊ आवाजात म्हणालं, “दिवा विझू द्यायचा न्हाय.” थोड्या वेळानं म्हणालं, “येते मी.”

“येते म्हणतेय. चल, लपूया,” थोरला म्हणाला.

बराच वेळ ती दोघं गणपतीच्या मागं लपून बसली. कुणी आलं नाही.

“कुलूप बाहेरनं हाय,” धाकटी विचार करून म्हणाली. “म्हंजे ही गेलीय. जाताना ‘येते’ म्हणालीय.”

“गेल्यावर ‘गेले’ म्हणाय नको? ही कसली भाषा?”

“मला तर बरी वाटतेय,” धाकटी म्हणाली.

आता गाव सोडायचा हुकूम माणसांना होता, जनावरांना होता. उंदरांना कुणी सांगितला नव्हता. एक गलेलठ्ठ उंदीर देवाच्या पाटाखालनं बाहेर आला आणि सलाईनच्या नळीपाशी बसला. थोरला पुढं झाला आणि त्यानं दोन्ही सोंडा जमिनीला टेकल्या.

“आपणच कर्ते?”

कर्त्यानं त्याच्याकडं दुर्लक्ष केलं आणि नळी कुरतडली.

तेल समईत पडायचं थांबलं आणि फरशीवर पडायला लागलं. उंदीर मिशा बुडवून तेल प्यायला आणि ढेकर आल्यासारखा थोडा थांबून निघून गेला. “कर्ते असंच करतात, मी वाचलंय,” थोरला पुटपुटला.

समईतलं तेल उतरलं. ज्योत खाली बसली. यंत्र म्हणालं, “तेल संपत आलंय. कोण हाय काय घरात?”

हेच वाक्य त्याच वेळी ओढ्यापलीकडं आंब्याखाली स्वरूपच्या फोनवर उमटलं.

जयाबाईंचा मंगळवारचा उपास होता. त्या सगळ्यांना वाढून नुकत्याच टेकल्या होत्या. स्वरूपचा चेहरा बघूनच त्यांना कळलं. त्यांनी फोन हातात घेतला. पडद्यावर त्यांची समई, आणि ज्योत हरभऱ्याएवढी.

“देव मशीनवर सोपवलास,” शेजारच्या मालुबाई वाकून बघत म्हणाल्या. “आता मशीन देवावर सोपवतंय.”

“मी जाऊन येतो,” स्वरूप चपला घालत म्हणाला. “पाच मिनिटं लागतील. कोण बघतंय?”

“जिच्यासाठी भाईर आलोय ती बघतीया,” जयाबाई म्हणाल्या. “बस तू.”

पण त्यांना स्वतःला बसवेना. त्या चालत शिवेच्या दगडापर्यंत गेल्या. दगडापलीकडं त्यांचं घर दिसत होतं, कौलं सुद्धा मोजता येतील एवढं जवळ. सासूला दिलेला शब्द तिकडं होता आणि गावानं देवीला दिलेला शब्द पायाशी होता. त्यांनी कधी कुणाला मोठ्यानं बोलून अडचण सांगितली नव्हती. आजही सांगितली नाही. हात जोडले आणि उभ्या राहिल्या. पाठीमागं आंब्याखालनं स्वरूप फोन धरून सांगत होता, “काकू, मुगाएवढी. काकू, आता मोहरीएवढी.”

“गप बस रं,” मालुबाई म्हणाल्या. “किराणा सांगतोयस काय?”

देवघरात यंत्र तिसऱ्यांदा म्हणालं, “तेल संपत आलंय. कोण हाय काय घरात?”

“उत्तर द्यायचं न्हाय,” थोरला म्हणाला.

“ती विचारतेय.”

“ती न्हाय, यंत्र विचारतंय.”

“आवाज तिचा हाय ना?” असं म्हणून धाकटी पुढं झाली आणि समईकडं बघून म्हणाली, “हाय.”

थोरल्यानं डोळे मिटले. एक नियम गेला. धाकटीनं देवासमोरची पितळी पळी धरली आणि ओढायला लागली.

“हात लावायचा न्हाय, धाकटे!”

“आपल्याला हात कुठं हायत? सोंडा हायत.”

थोरल्यानं सगळा नियम मनात म्हणून बघितला. खरंच, सोंडांचं त्यात काही नव्हतं. मग त्यानंही पळीला सोंड लावली. तुटक्या नळीखाली पळी धरायची, भरली की दोघांनी डोक्यावर घ्यायची आणि पाटाच्या कडेनं चढून समईत ओतायची. पहिल्या पळीतलं अर्धं तेल थोरल्यावर सांडलं. दुसरी नीट गेली. धाकटीनं वात वर ओढली, टोकाची काजळी सोंडेनं टिपली आणि चटका बसला तशी दोन उड्या मारल्या.

आंब्याखाली मालुबाई स्वरूपच्या फोनवर वाकल्या. “ह्यात लिंबं दिसालीत गं,” त्या म्हणाल्या.

“लिंबं देवघरात असतातच,” स्वरूप म्हणाला.

“पळी घेऊन चाललीत.”

स्वरूपनं फोन डोळ्यांजवळ नेला. ज्योत उभी राहिली होती, बोटाएवढी. खाली दोन लिंबं तिसरी पळी भरत होती. तेवढ्यात फोनची बॅटरी संपली. मालुबाई त्याच्याकडं अशा बघायला लागल्या, जणू त्यानंच लिंबं चोरली.

जयाबाई सूर्य बुडेपर्यंत दगडापाशीच उभ्या होत्या. भावकू पुजाऱ्यांनी शंख वाजवला आणि गाव परत निघालं. त्या कधी पळत नाहीत. तेव्हाही पळाल्या नाहीत, पण मालुबाईंना त्यांच्या मागनं धापा टाकाव्या लागल्या. कुलूप उघडलं. समई शांत जळत होती, पोटभर तेल, वात नीट सारलेली. फरशीवर तेलात दोन गोल डाग होते. पळी परत देवासमोर ठेवलेली होती, फक्त उलटी.

सगळं सांगून मालुबाईंनी भावकूंना विचारलं, “म्हंजे नेम मोडला काय?”

भावकूंनी बराच वेळ दाढी खाजवली. “माणसांनी थांबायचं न्हाय, जनावरांनी थांबायचं न्हाय, एवढंच देवीचं म्हणणं. लिंबांचं ती कधी काय बोलली न्हाय.”

मग स्वरूपला आठवलं. ‘कोण हाय काय घरात?’ म्हटल्यावर उत्तर ऐकून घ्यायची सोय त्यानं यंत्रात ठेवली होती. ती सिस्टीमलाच लागते म्हणून. त्यानं ते लावलं. आधी नुसती खरखर होती. मग शिट्टीसारखा बारीक आवाज आला : “हाय.” पुढं भांड्याचा आवाज. “पळी लई जड हाय.” दुसरा आवाज म्हणाला, “हे वहीत लिव्हू नगंस.” मग बराच वेळ काही नाही. आणि शेवटी, अगदी जयाबाईंच्या चालीवर, “येते मी.”

स्वरूपनं ते पाच वेळा ऐकलं. जयाबाईंनी एकदाच ऐकलं, समईला नमस्कार केला आणि उपास सोडला.

शुक्रवारी त्या बेळगावला गेल्या. खडेबाजारात त्यांनी भातुकलीतली पळी मागितली, पण पितळीच. दुकानदार म्हणाला, “नातीला काय?” त्या म्हणाल्या, “न्हाय, येणार हायत एकजण.” ती पळी आता समईशेजारी असते. नळीला स्वरूपनं तारेचं वेष्टण घातलंय, यंत्र तयार आहे. तरी तीन वर्षांनी येणाऱ्या देवीच्या मंगळवारसाठी लहान पळी असावी, असं त्यांचं म्हणणं. जड आहे म्हणाली होती ती.

आणि फार लांब, जिथं बस जात नाही तिथं, थोरला यानात त्याच्या वहीवर डोकं टेकून झोपला होता. आंबेहोळच्या पानावर त्यानं शेवटी लिहिलं होतं : कर्ते परत येणार आहेत, असं यंत्रांचं म्हणणं. आम्ही थांबून बघितलं नाही.

परतीच्या वाटेत आंबेहोळचे फोन ऐकून धाकटीला देवीचा मंगळवार कळला होता. तिनं आंबेहोळच्या तीन वर्षांचा हिशोब आणि त्यांच्याकडच्या तीन वर्षांचा हिशोब पुन्हा एकदा जुळवला. आत्ता निघालं तर मंगळवारी सकाळपर्यंत पोचता येत होतं. बसायच्या गादीतला कापूस उपसून ती इतके दिवस वात वळायला शिकत होती. बऱ्याच वाती वाकड्या झाल्या, एक सरळ जमली. ती तिनं सोंडेत जपून धरली आणि थोरला जागा होऊ नये म्हणून आवाज न करता यानाचं तोंड वळवलं.